क्रूगरमधला ठिपक्यांचा सुतार कोण? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्यात पक्ष्यांवरची पत्रं बरीच आलीत. त्यातलं राजारामपुरीच्या ताईंचं पत्र सगळ्यात मोठं आहे आणि त्याचं उत्तर नीट दिलं की बाकीच्यांची अर्धी उत्तरं त्यातच येतात, म्हणून तेच आधी घेतोय.

प्रश्न : नमस्कार सर, मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही घरचे सगळे दक्षिण आफ्रिकेला जाऊन आलो, माझे दीर तिकडे नोकरीला आहेत त्यांनीच क्रूगर नॅशनल पार्कचं सगळं बुकिंग केलेलं. सिंह बघितले, हत्ती तर एवढे बघितले की पोरांनी शेवटी शेवटी मान वर करायचं पण सोडलं, पण माझ्या डोक्यातनं एक पक्षी काही जात नाहीये. पार्कच्या उत्तरेकडच्या एका कॅम्पात सकाळी चहा घेत बसलेलो, समोर आपट्यासारखी जोडपानं असलेली झाडं होती आणि त्याच्या बुडाशी चक्क जमिनीवर एक सुतार पक्षी चोचीनं माती उकरत होता. फोटो पाठवलेत. डोक्याचा मागचा भाग लाल, कपाळ काळं आणि त्यावर पांढरे बारीक ठिपके, छाती पिवळसर पांढरी आणि तिच्यावर काळे ठिपकेच ठिपके. हनुवटीखाली चॉकलेटी रंग आहे आणि डोळ्याखाली पण तसाच पट्टा, मला वाटलं माती उकरून चिखल लागलाय. दीर म्हणाले गोल्डन-टेल्ड वुडपेकर, कारण शेपटीत पिवळं दिसतंय. मिस्टर म्हणतात कार्डिनल, कारण त्यांनी पुस्तकात वाचलं की आफ्रिकेत सगळ्यात जास्त तोच दिसतो. मोबाईलमधलं ॲप म्हणतंय न्युबियन. एका पक्ष्याची घरात तीन नावं झालीत. नक्की कोण आहे हा?
(एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : ताई, आधी नाव सांगून टाकतो म्हणजे घरातला वाद मिटेल. हा बेनेट्स वुडपेकर आहे, शास्त्रीय नाव कॅम्पेथेरा बेनेटी, आणि तुमच्या फोटोतली मादी आहे. ज्याला तुम्ही चिखल समजलात तोच तिचा सगळ्यात पक्का पुरावा आहे! चॉकलेटी गळा आणि डोळ्याखाली तसाच चॉकलेटी पट्टा, ही जोडी आफ्रिकेच्या त्या मोकळ्या झाडीतल्या दुसऱ्या कुठल्याच सुताराकडे नाही. फोटो मोठा करून बघा, रंग दोन्ही बाजूला अगदी सारखा आणि कडा स्वच्छ आहेत, चिखल असा लागत नाही.

आता नुसतं नाव सांगून थांबलो तर पुढच्या फोटोला परत हाच गोंधळ होणार, म्हणून मी ते कसं ठरवलं ते जरा सविस्तर सांगतो. सुतार पक्षी दिसला की आपल्या सगळ्यांची नजर जाते ती डोक्यावरच्या लाल रंगावर, आणि तिथेच गाडी चुकीच्या रस्त्याला लागते, कारण तिकडच्या जवळजवळ सगळ्याच सुतारांच्या डोक्यावर कुठे ना कुठे लाल असतोच. 'लाल आहे का' हा प्रश्नच कामाचा नाही. लाल नेमका कुठून कुठपर्यंत आहे आणि तो नराला आहे, मादीला आहे का दोघांना आहे, हे विचारायचं. म्हणजे पक्ष्याची जात ठरवायच्या आधी तो नर का मादी ते ठरवायचं. उलटं वाटतं पण सुतारांच्या बाबतीत हाच रस्ता सरळ आहे.

आणि गंमत म्हणजे हा धडा शिकायला आफ्रिकेला जायची गरजच नाही, आपल्या दारातच आहे सगळं. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात नाहीतर पन्हाळ्याच्या वाटेवर तुम्ही सोनपाठी सुतार बघितला असेलच, पाठीवर सोनेरी पिवळा, ओरडत ओरडत एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाणारा. त्याच्या नराचा सगळा तुरा कपाळापासून लाल असतो, आणि मादीचं कपाळ काळं, त्यावर पांढरे ठिपके, लाल फक्त मागच्या तुऱ्याला. आता तुमच्या पत्रातलं तुम्हीच केलेलं वर्णन परत वाचा. कपाळ काळं, पांढरे ठिपके, मागे लाल. तंतोतंत तीच मांडणी! दोघांचं जवळचं नातं नाही, पण नर मादी ओळखायची किल्ली एकच.

दुसरी मांडणी बघायची तर आपला मराठा सुतार घ्या, १८०१ साली लॅथम यांनी त्याला शास्त्रीय नाव देताना आपल्याच मुलखाचं नाव दिलं, मॅहराटेन्सिस. लहानसा, कपाळ पिवळट, अंगावर काळे पांढरे ठिपके, पोटावर छोटा लाल डाग. त्याच्यात लाल टोपी फक्त नराला, डोक्याच्या मागच्या बाजूला, मादीच्या डोक्यावर लाल अजिबात नाही.

आता या दोन मांडण्या घेऊन क्रूगरला चला. तिथे नेहमी दिसणारे सुतार चार, बेनेट्स, गोल्डन-टेल्ड, कार्डिनल आणि बिअर्डेड. यातले पहिले दोन सोनपाठीच्या मांडणीचे, म्हणजे मादीला पण मागे लाल असतोच, फरक कपाळाला आणि मिशीला, म्हणजे चोचीच्या मुळापासून खाली गालाकडे जाणाऱ्या पट्ट्याला. कार्डिनल आणि बिअर्डेड हे मराठा सुताराच्या मांडणीचे, लाल फक्त नराला, आणि तोही फक्त मागे. कार्डिनलचं कपाळ तपकिरी असतं, नर असो वा मादी, त्यावर पांढरे ठिपके नसतात. मग तुमच्या फोटोत मागे लाल आणि कपाळ काळं ठिपक्यांचं असल्यावर मिस्टरांचा कार्डिनल तिथेच बाद झाला. आकाराचंही बघा, कार्डिनल जेमतेम १५ सेंटीमीटरचा, आपल्या मराठा सुतारापेक्षाही लहान, आणि बेनेट्स २२ ते २४ सेंटीमीटरचा. तुमच्या दुसऱ्या फोटोत शेजारी खुर्चीचा पाय आलाय त्यावरनं अंदाज येतोच. मिस्टरांचं एक मात्र खरं आहे, कार्डिनल सहारा वाळवंटाच्या खालच्या आफ्रिकेत खूप मोठ्या भागात सापडतो, पण एखादा पक्षी सगळीकडे असतो म्हणून समोरचा तोच असं होत नाही.

राहिला दिरांचा गोल्डन-टेल्ड. त्यांची चूक समजण्यासारखी आहे कारण नावातच सोनेरी शेपटी आहे आणि फोटोत शेपटीत पिवळं दिसतंय. पण शेपटीच्या पिसांची मधली दांडी पिवळी असणं हे तिकडच्या बऱ्याच सुतारांत असतं, बेनेट्समध्ये पण असतं, त्यामुळे शेपटीवर ओळख ठरवायची नाहीच. बघायची छाती. बेनेट्सच्या छातीवर गोल सुटे ठिपके असतात, गोल्डन-टेल्डच्या छातीवर ठिपके लांबट होऊन उभ्या रेघोट्या झालेल्या असतात, गळ्याजवळ जास्त दाट. तुमच्या फोटोत ठिपके स्वच्छ गोल आहेत. शिवाय गोल्डन-टेल्डच्या मादीची मिशी काळी आणि त्यात पांढरे ठिपके अशी असते, चॉकलेटी कधीच नाही.

नर असता तर? तर काम त्याहून सोपं होतं. बेनेट्सचा नर कपाळापासून मानेपर्यंत सगळा लाल आणि मिशी पण पूर्ण लाल, गळा मात्र पांढरा स्वच्छ. गोल्डन-टेल्डच्या नराचं कपाळ काळपट आणि त्यात लाल ठिपके, मानेवर गेल्यावर पूर्ण लाल, आणि मिशीत काळा लाल मिसळलेला. चौथा बिअर्डेड, तो या सगळ्यांत मोठा, २५ सेंटीमीटरपर्यंत, त्याच्या पोटावर ठिपके पण नाहीत रेघोट्या पण नाहीत तर बारीक आडवे पट्टे आहेत आणि पांढऱ्या तोंडावर दोन ठळक काळे डाग, एक कानापाशी आणि एक मिशीचा. एकदा नीट बघितला की परत चुकत नाही.

ॲपचं काय झालं तेही सांगतो, कारण हा प्रकार आता सगळ्यांच्याच बाबतीत होतोय. न्युबियन वुडपेकर बेनेट्सच्या जवळचा भाऊच आहे, छाती तशीच ठिपक्यांची, मादीचं कपाळ तसंच काळं पांढऱ्या ठिपक्यांचं, मागे तसाच लाल. पण न्युबियन हा सुदान, इथिओपिया, केनिया, टांझानिया या पूर्व आफ्रिकेच्या पट्ट्यातला पक्षी, क्रूगर त्याच्यापासून हजार किलोमीटरच्या वर दक्षिणेला आहे. फोटो कोल्हापुरात आल्यावर ॲपमध्ये टाकला असणार आणि ठिकाण भरलं नसणार, मग ते बिचारं नुसत्या ठिपक्यांवरनं अंदाज करणार. ॲप वापराच, मी पण वापरतो, पण ठिकाण आणि तारीख भरल्याशिवाय त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही. पक्षी कुठे दिसला ही माहिती पिसाच्या रंगाइतकीच महत्त्वाची आहे, कधी कधी जास्तच.

आणि ताई, तुम्ही पत्रात सहज लिहिलेल्या दोन गोष्टी मला फोटोइतक्याच उपयोगी पडल्या. एक म्हणजे आपट्यासारखी जोडपानं. ती मोपाने नावाची झाडं, क्रूगरच्या उत्तर भागात ओलिफंट्स नदीच्या पलीकडे यांचंच राज्य आहे, पान खरंच दसऱ्याला आपण वाटतो त्या आपट्याच्या पानासारखं दोन पाकळ्यांचं दिसतं. मोपाने आणि तशाच मोठ्या पानांची मोकळी झाडी, खाली विरळ गवत नाहीतर उघडी जमीन, ही बेनेट्सची आवडती जागा. दुसरी गोष्ट म्हणजे तो जमिनीवर होता. बेनेट्स बाकीच्या तिघांपेक्षा कितीतरी जास्त वेळ जमिनीवर असतो कारण त्याचं मुख्य खाणं मुंग्या आणि त्यांची अंडी. कार्डिनल बारीक फांद्यांवर, अगदी वाळलेल्या काटक्यांवर ठोकत फिरतो, बिअर्डेड मोठ्या वाळक्या फांद्यांवर, आणि बेनेट्स झाडाच्या बुडाशी. जमिनीवर दिसला म्हणजे बेनेट्सच असं मी म्हणणार नाही, पण जमिनीवर दिसला आणि छातीवर गोल ठिपके असले तर क्रूगरमध्ये दुसरं नाव शोधायची गरज पडत नाही.

आवाज ऐकला होता का ते तुम्ही लिहिलं नाही. बेनेट्स बहुतेक जोडीनं नाहीतर छोट्या कुटुंबानं फिरतात, एकत्र आले की पंख पसरून फडफडवत 'विरिट विरिट विरिट' असा एकच कल्ला करतात. गोल्डन-टेल्डचं याच्या अगदी उलट, एकच लांब नाकातून काढल्यासारखी किंकाळी, 'व्हीयाऽऽ', आणि मग गप्प. झाडावर चोचीनं ढोल वाजवल्यासारखा आवाज करायचा तर ते काम बिअर्डेडचं, जोरात सुरू करून शेवटी शेवटी टक, टक, टक असं सुटं सुटं करत थांबतो. कार्डिनलचा ढोल बारीक आणि हलका. बेनेट्स ढोल क्वचितच वाजवतो. म्हणजे सकाळी कॅम्पात दणदणीत ढोल ऐकलात तर तो आवाज तुमच्या या बाईसाहेबांचा नव्हे.

बेनेट कोण हेही पोरं विचारतील. एडवर्ड टर्नर बेनेट हे लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीचे सेक्रेटरी होते. दक्षिण आफ्रिकेच्या आतल्या भागात मोठी मोहीम घेऊन गेलेल्या अँड्र्यू स्मिथ यांनी १८३६ साली या पक्ष्याचं वर्णन छापलं आणि त्याला बेनेटांचं नाव दिलं.

प्रश्न : सर, मी राधानगरी भागात राहतो, जंगलात जाणं होतं. मागच्या आठवड्यात हिरवट रंगाचा सुतार जमिनीवर मुंग्या खाताना बघितला. मित्र म्हणतात सुतार जमिनीवर येतच नाही, तू दुसरा काहीतरी बघितलास. असं होतं का?
(एक वाचक, राधानगरी)

उत्तर : होतं की! तुम्ही बरोबर बघितलंय. आपल्याकडचा हिरवट पाठीचा, गळ्यावर बारीक रेघा असलेला सुतार मुंग्यांसाठी बिनधास्त जमिनीवर उतरतो, सोनपाठी पण अधूनमधून उतरतो. मित्रांना सांगा की दक्षिण आफ्रिकेत तर ग्राउंड वुडपेकर नावाचा सुतार आहे जो झाडांच्या नादालाच लागत नाही, उघड्या खडकाळ डोंगरावर राहतो, मुंग्या खातो आणि घरटं करायला मातीच्या दरडीत बोगदा खणतो. सुतार म्हणजे झाडच ही आपली समजूत आहे, पक्ष्याची नाही. तुमच्या पक्ष्याचं नक्की नाव मात्र गळा आणि मिशीचा फोटो असल्याशिवाय मी सांगणार नाही, हिरवट सुतार आपल्या सह्याद्रीत एकापेक्षा जास्त आहेत. आणि एक लक्षात असू द्या, वाळलेली पानं खाजवत मुंग्या खाणारा, मातकट रंगाचा, मान सापासारखी वळवणारा पक्षी हिवाळ्यात दिसला तर तो मानमोडी असू शकतो, तो सुतारांच्याच घराण्यातला पण खोडावर ठोकत नाही.

प्रश्न : मी नववीत आहे. सुतार पक्षी दिवसभर डोकं आपटतो तरी त्याचं डोकं दुखत नाही कारण त्याच्या कवटीत स्पंजसारखं हाड असतं असं मी वाचलं. आणि त्याची जीभ डोक्याला गुंडाळलेली असते हे खरं आहे का?
(एक विद्यार्थिनी, इचलकरंजी)

उत्तर : बाळ, दुसरी गोष्ट खरी आहे, पहिली आता बदललीय. स्पंजची गोष्ट वर्षानुवर्षं सगळीकडे सांगितली गेली, पण २०२२ साली करंट बायॉलॉजी या नियतकालिकात एक अभ्यास आला, त्यात शास्त्रज्ञांनी सुतारांचे ठोकतानाचे एकदम वेगवान व्हिडिओ घेऊन मोजलं तर डोकं धक्का शोषून घेतच नाही असं दिसलं. विचार कर, धक्का डोक्यातच जिरला तर लाकडाला काय लागणार, मग अजून जोरात ठोकावं लागेल, म्हणजे स्पंज असून तोटाच. मग मेंदूला इजा का होत नाही, तर मेंदू खूप लहान आणि हलका आहे, तेवढ्या धक्क्यात त्याला धोका नसतो. तुझ्या शाळेच्या पुस्तकात नाहीतर यूट्यूबवर अजून जुनीच गोष्ट असली तर सरांना हे दाखव, आवडेल त्यांना.

जिभेचं असं की जीभ स्वतः नाही पण जिभेला आधार देणारी बारीक लवचिक हाडं, त्यांना हायॉइड म्हणतात, ती जिभेच्या मुळापासून मागे जाऊन कवटीच्या मागून वर चढून डोक्यावरून पुढे कपाळाकडे येतात. ती पुढे सरकली की जीभ चोचीच्या बाहेर लांब जाते. मुंग्या खाणाऱ्यांची जीभ चिकट लाळेनं माखलेली असते, वारुळाच्या भोकात घातली की मुंग्या चिकटूनच येतात. वर ज्या बेनेट्सची चर्चा झाली तो हेच करतो, म्हणून त्याला ठणाठण ठोकायची गरज कमी पडते, माती आणि साल उकरली की काम झालं.

प्रश्न : आम्ही गडहिंग्लजचे चार मित्र, सगळ्यांना पक्ष्यांची आवड. यंदा टांझानियाला सेरेंगेटीला जायचं ठरतंय. सुतार ओळखायला काय तयारी करावी? बायनॉक्युलर कोणता, कॅमेरा कोणता?
(एक वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : बायनॉक्युलर ८ बाय ४२ चा घ्या, तोच हातात स्थिर राहतो. कॅमेरा जो आहे तो चालेल, तुम्ही लेन्सच्या मागे पैसे घालवण्यापेक्षा सगळ्या बाजूंनी फोटो घ्यायची सवय लावा हे माझं ठाम मत आहे. सुताराचा एकच सुंदर फोटो पाठीचा असतो, आणि पाठीवरनं बहुतेक काहीच ठरत नाही, सगळे हिरवट तपकिरी आणि पिवळट पट्ट्यांचे. मला हवा असतो तो चेहऱ्याचा बाजूचा फोटो, मिशी दिसली पाहिजे, आणि छातीचा समोरचा, मग तो जरा हलला असला तरी चालेल. फोटोचे रंग भडक करून पाठवू नका, चॉकलेटी गळा काळा होतो आणि पिवळट छाती केशरी होते, मग आम्ही काय बघणार.

सेरेंगेटीतल्या बाभळीच्या झाडीत तुम्हाला न्युबियन दिसण्याची शक्यता चांगली आहे, राजारामपुरीच्या ताईंच्या ॲपनं ज्याचं नाव घेतलं तोच. त्याची जोडी एकमेकांना साद घालत लांबवर ऐकू जाणारा धातूसारखा 'वीट वीट वीट' असा आवाज करते, सुरुवातीला सावकाश आणि मग वेग धरून उतरत जाणारा, तो आधीच ऐकून कानात बसवून जा. कार्डिनल आणि बिअर्डेड तिथे पण आहेत. छातीवर ठिपका रेघ पट्टा काहीच नसलेला, डोकं राखाडी आणि शेपटीच्या मुळाशी लालभडक असा सुतार दिसला तर तो ग्रे वुडपेकर, तो गोंधळात टाकत नाही.

खरी परीक्षा तुम्ही टांझानियाच्या दक्षिणेला नाहीतर पश्चिमेला गेलात तर आहे, कारण तिकडे बेनेट्स सुरू होतो आणि नुसतं ठिकाण सांगून न्युबियनला बाद करता येत नाही. नर दोघांचे खूप सारखे, लाल टोपी, लाल मिशी, ठिपक्यांची छाती. न्युबियनच्या कानापाशी काळ्या बारीक रेघा असतात आणि बेनेट्सच्या नराचा कान पांढरा स्वच्छ, पण उन्हात लांबून ते दिसेल याची खात्री नाही. मी तुम्हाला एकच सांगेन, नराच्या मागे लागू नका, तो जोडीनं असतो तर त्याच्या मादीची वाट बघा. मादी आली की गळा चॉकलेटी का पांढरा एवढंच बघायचं, संपला प्रश्न.

एक सावधगिरी, कार्डिनल आणि बिअर्डेडच्या पिल्लांच्या डोक्यावर, नर असो वा मादी, लाल असतो. मी वर मादीच्या डोक्यावर लाल नसतो म्हटलं ते मोठ्या पक्ष्यांचं. पिल्लू आखूड चोचीचं, मळकट, विस्कटलेलं दिसतं, बरेचदा आईबापाच्या मागे मागे असतं, तेव्हा जवळपासचे मोठे पण बघून मग नाव लिहा. तसंच आफ्रिकेच्या पश्चिम बाजूला कधी नामिबिया, बोट्स्वानाला गेलात तर तिथल्या बेनेट्सच्या पोटावर ठिपके फारच कमी आणि रंग जास्त पिवळट असतो, पुस्तकातल्या चित्राशी जुळत नाही म्हणून दुसरी जात समजू नका. मादीचा गळा तिथेही चॉकलेटीच.

गाडीतून उतरता येत नाही अशा पार्कांत सुतार बघायचे तर सकाळी कॅम्पाच्या आवारात पायी फिरा, सगळ्यात निवांत तिथेच दिसतात, ताईंना चहा पिताना दिसला तो काही योगायोग नव्हता. मोबाईलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नका, विशेषतः घरट्याच्या दिवसांत, तो आपल्या हद्दीत दुसरा शिरला समजून खाणं सोडून ओरडत बसतो आणि घरट्यातली अंडी पिल्लं उघडी पडतात. तुमचा गाईड वाजवायला लागला तर त्यालाही नको म्हणा, पैसे तुम्ही दिलेत, तो ऐकतो. आणि आल्यावर फोटो पाठवाल तेव्हा सोबत ठिकाण, तारीख, झाड कसलं होतं, पक्षी खोडावर होता का फांदीवर का जमिनीवर, एवढं लिहून पाठवा, ताईंनी लिहिलं तसं.